पानातली खिडकी

१

रविवार, ९ मार्च २०२५. सकाळचे दहा. एकूण मते एकाहत्तर. ‘राहू द्या’ चार, ‘देऊन टाका’ सदुसष्ट.

हे आकडे दुरुस्तीघराच्या मागच्या खोलीत, पांढऱ्या भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत उमटले आणि खोलीतला पंखासुद्धा जणू दचकून थांबला. प्रत्यक्षात तो थांबला नव्हता; आदल्याच आठवड्यात त्याचे बेअरिंग बदललेले असल्यामुळे तो निमूटपणे फिरत होता. थांबली होती ती माणसे.

दुरुस्तीघर म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट शेड. मोडकी इस्त्री, रुसलेला मिक्सर, लंगडी खुर्ची, काहीही घेऊन यावे. सामायिक अवजारे वापरावीत. ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला शिकवावे. एकाहत्तर सभासदांच्या या संसारावर एका गोदामवाल्याची नजर पडली होती. शेड त्याला द्यावी की राहू द्यावी, यासाठी शनिवारी दुरुस्तीघराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मतदान झाले होते. महिनाभर जो तो दुसऱ्याला सांगत होता की शेड गेली तर आपण पोरके होऊ. आणि भिंत सांगत होती, सदुसष्ट.

“तोंडावर एक आणि बटणावर एक!” मागून कुणीतरी पुटपुटले. त्यासरशी शेजारी बसलेल्यांनी आपापल्या खुर्च्या वीतभर बाजूला सरकवल्या.

गुण्याबाई पहिल्या रांगेत होत्या. हे त्यांचे पाळण्यातले नाव अर्थातच नव्हते. तंत्रनिकेतनात आयुष्यभर यंत्ररेखन शिकवताना काटकोन तपासायचा पोलादी गुण्या त्यांच्या हातात असे, आणि समोर रेघ असो की सबब, ‘गुण्यात आहे का?’ हा एकच प्रश्न त्या विचारत. ही शेड त्यांच्या यजमानांनी आणि धाकट्या दिरांनी मिळून उभी केली होती. यजमान गेले; त्यांच्या कानशी अजून त्याच फळीवर होत्या. याच खोलीत गुण्याबाई नवशिक्यांना वेबपाने बनवायला शिकवत, आणि मतदानाचे पान त्यांच्याच वर्गाने लिहिले होते. म्हणजे नवऱ्याची शेड जात होती, ती त्यांनी घडवलेल्या दारातून.

अध्यक्ष होते त्यांचे दीर. ते जागचे उठले. उजवा हात खिशात, आवाज खोल गेलेला.

“कौल आहे, वहिनी. कडू असला तरी गिळायला हवा. बुधवारी संध्याकाळी किल्ल्या द्यायच्या.”

“जरा थांबा, भावजी.” गुण्याबाई सभेकडे वळल्या. “मी काल ‘राहू द्या’ दाबलं. आणखी ज्यांनी दाबलं असेल त्यांनी हात वर करा. लाजू नका.”

एक हात वर गेला. दुसरा गेला. पाचवा गेला तेव्हा लोक मान वळवून पाहू लागले. आणि थोड्याच वेळात न उठलेला हात शोधावा लागेल अशी अवस्था झाली.

गुण्याबाईंनी चष्मा पुसला. त्यांच्या समोर दोनच शक्यता होत्या. एक तर एवढी माणसे खोटे बोलत होती, नाहीतर एक पान.

२

पान खोटे बोलत नव्हते. सभा पांगल्यावर त्यांनी ते ओळीओळीने तपासले. एकाखाली एक दोन बटणे. वरचे ‘राहू द्या’, खालचे ‘देऊन टाका’. ज्या बटणावर टिचकी, त्याच नावावर मत. सारे गुण्यात होते.

मग काल ते असेच होते कशावरून?

संकेतस्थळाची पाने बदलण्याचा परवलीचा शब्द गुण्याबाईंखेरीज तिघांकडे होता, कारण वर्गात टिकून राहिलेले विद्यार्थीच तिघे होते. पहिली कॅशियरबाई. बँकेच्या काउंटरवर उमेदीची वर्षे घालवलेली, शेडच्या मागच्याच घरात राहणारी, डोळ्यांमुळे पडद्यावरची अक्षरे भोपळ्याएवढी मोठी करून वाचणारी. लेथच्या घरघरीने दुपारची झोप मोडते ही तिची तक्रार जुनीच. दुसरा वायरमन. तिशीचा, तोंडाने फटकळ, हाताने कुशल. ‘पाडा एकदाची ही शेड!’ असे तो मागच्या सभेत भर लोकांत ओरडला होता, आणि गोदाम झाले तर त्याच्या वायरिंगचे काम त्यालाच मिळणार होते. तिसरे भावजी. वर्गातले सर्वांत मंद विद्यार्थी, पण वर्ग सुटल्यावर उजळणीसाठी मागे थांबणारे तेच. या वयात दिरांनी दाखवलेल्या या चिकाटीचे गुण्याबाईंना कोण कौतुक!

तिघांच्या तीन तऱ्हा होत्या आणि प्रत्येकाच्या अडचणीवर गुण्याबाईंनी त्याच्यापुरता तोडगा काढून दिला होता. शब्दही त्यांनी घरचेच वापरले होते. क्लिक म्हणजे टिचकी. एका पानात दुसरे पान दाखवणारी आयफ्रेम म्हणजे खिडकी. “भिंतीला खिडकी पाडली की पलीकडचं अंगण दिसतं,” त्या सांगत, “पण अंगण आपलं होत नाही. तिथली टिचकी तिथेच पडते, हे विसरू नका.”

भावजी चहा घेऊन आत आले. कप अर्धाच भरण्याची त्यांना अलीकडे सवय लागली होती.

“वहिनी, कशाला डोळे शिणवताय? झालं ते झालं.”

“झालं ते कसं झालं, एवढंच बघतेय.”

“तुम्हाला स्पष्ट सांगू?” त्यांनी कप मेजावर ठेवला, उजवा हात पुन्हा खिशात घातला आणि डाव्या हाताचे बोट खिडकीबाहेर ताणले. रस्त्यापलीकडे, बंद शटरखाली वायरमन एकटाच बसला होता. “कौल खरा असेल तर प्रश्नच मिटला. आणि खोटा असेल तर हात त्याचा आहे. त्याच्याशिवाय ही अक्कल कुणाला? मला तर अजून पान उघडलं की बंद करता येत नाही.”

गुण्याबाई हसल्या नाहीत. चहा गार होईपर्यंत त्या बाहेर पाहत राहिल्या. दोन सभासद रस्त्याने आले, त्यांनी वायरमनला पाहिले आणि पलीकडच्या कडेने गेले.

एक तर जाता जाता थुंकला.

३

“माझ्यावर संशय आहे ना तुझा? सरळ विचार की!” कॅशियरबाईने दार उघडताच तोफ डागली.

“तुझ्यावर नाही गं. तुझ्या बटणावर आहे.”

“आत ये आधी. आणि चप्पल काढ, फरशी ओली आहे.” ती बडबडत आत गेली. “झोप मोडते म्हणून बोंबलते मी, कबूल आहे. पण ती घरघर थांबली तर दुपारभर करू काय? भिंतीशी बोलू? माझा पंखा, माझी इस्त्री, माझं शिवणयंत्र, सगळ्यांचं माहेर आहे ते!”

“काल मत दिलंस तेव्हा काय झालं ते सांग. जसं झालं तसं. शहाणपण मिसळू नकोस.”

कॅशियरबाईचा चेहरा पडला. तिने पदराने आधीच स्वच्छ असलेला पडदा पुसला.

“तू हसशील.”

“मी तीस वर्षं हसले नाही, विद्यार्थ्यांना विचार.”

“अगं, बटण मेलेलं होतं. अर्धं.” तिने बोटाने हवेत चौकोन काढला. “‘राहू द्या’च्या वरच्या अर्ध्या भागात टिचकी मारली, ढिम्म. पुन्हा मारली, ढिम्म. मग जरा खाली सरकले, तर पटकन ‘आभारी आहोत’ आलं. मला वाटलं माझंच बोट खोटं. म्हणून कुणाला बोलले नाही. आधीच म्हातारी म्हणतात.”

“तुझी अक्षरं नेहमीसारखी मोठी होती?”

“मोठी म्हणजे? तूच ब्राउझरमध्ये करून दिलीस ना. अक्षरं वाढली की बटणंही फुगतात.”

“आणि मग?”

“मग काय, मुखपृष्ठावर जायला मागचा बाण दाबला. पान हललंच नाही! पुन्हा दाबला तेव्हा गेलं. तूच शिकवलंयस, एक पान पुढे गेलं की एक बाण मागे. इथे दोन कसे लागले?”

गुण्याबाई ताठ बसल्या. निर्जीव डोके आणि जिवंत पाय असलेले बटण. आणि एक बाण गिळणारे पान. पहिला बाण वाया गेला नव्हता. त्याने काहीतरी मागे नेले होते. फक्त ते काहीतरी डोळ्यांना दिसत नव्हते.

“पान हललं नाही,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, “पण पानातलं पान हललं.”

“काय म्हणालीस?”

“म्हटलं, तुझं बोट खरं आहे. पण तुझं मत चोरीला गेलंय.”

४

वायरमनने शटर अर्धेच वर केले.

“या, बाई. तुम्हीही विचारून घ्या. सकाळपासून तीन घरांनी काम नको म्हणून सांगितलं. एक आजी तर म्हणाली, तू लावलेला दिवासुद्धा काढून ने.”

“तू ‘पाडा एकदाची’ म्हणाला होतास.”

“म्हणालो! छपराखालची वायर उघडी पडलीय, महिनाभर सांगतोय, कुणी ऐकत नाही. आई रागाने पोराला ‘मर जा’ म्हणते, ते काय यमाला दिलेलं आमंत्रण असतं?” त्याने स्टूल पुढे सरकवले. “गोदामाचं काम मी कालच नाकारलं. पण आता सांगून कोण ऐकतंय?”

“मी ऐकतेय. मत कसं दिलंस?”

“टॅब मारून. माझा माऊस केव्हाचा मेलाय, नवा आणीन आणीन म्हणतोय.” सवयीने त्याच्या तोंडी थट्टा आलीच. “उंदरांचं नशीबच वाईट आपल्या वर्गात. कॅशियरबाईंचा आंधळा, माझा मेलेला, आणि आपल्या अध्यक्ष भाऊंचा बघा, टिचकी एक सांगितली की दोन पडतात. त्यांचा उंदीर दोनदा चावतो!”

“टॅबचं सांग.”

“तेच विचित्र होतं. टॅब दाबला की बटणाभोवती निळी कड येते ना, तशी ‘राहू द्या’ला आली. एंटर मारला, काही नाही. मग ‘देऊन टाका’ला आली. पुढे दाबला, तर कड गायब. पुन्हा दाबला, तरी गायब. मग फिरून पहिल्यावर. म्हणजे बटणं दोन आणि थांबे चार! भुताटकीच. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या थांब्यावर चिडून एंटर हाणला, तर ‘आभारी आहोत’!”

गुण्याबाईंनी डोळे मिटले. दोन दिसणारी बटणे, दोन न दिसणारी. तिसरा थांबा म्हणजे न दिसणाऱ्यांपैकी पहिले.

“ते पान आता बदललंय,” त्या म्हणाल्या. “पुरावा पुसला गेला.”

“कुठलं पान? ते अजून उघडंच आहे.” वायरमनने खांदे उडवले. “मी पानं बंद करत नाही, बाई. तुम्ही कितीदा ओरडलात. आजूबाजूला पसारा असला की मला बरं वाटतं.”

जन्मात प्रथमच गुण्याबाईंनी पसाऱ्याचे आभार मानले. त्या त्याच्या संगणकासमोर बसल्या, पानाचा सांगाडा उघडला आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा हात थबकला.

पानाला खिडकी पाडलेली होती. काचेची नव्हे; हवेची.

५

“इकडे बघ. एका कागदावर दोन बटणं काढलीत, एकाखाली एक. हा दिसणारा कागद. यातलं वरचं बटण नुसतं चित्र. दाबलं तरी काही करत नाही. आता यावर अगदी पारदर्शक कागद ठेवला, त्यावरही तीच दोन बटणं, पण ती खरी. हा वरचा कागद म्हणजे खिडकी. तिची अपारदर्शकता शून्य केलीय. आहे, पण दिसत नाही.”

वायरमन वाकून पाहू लागला. “मग बटणावर बटण येणार. फरक काय पडला?”

“फरक इथे पडला. खिडकी एका बटणाएवढी वर सरकवलीय. आता दिसणाऱ्या ‘राहू द्या’वर नेमकं काय आलं?”

त्याने मनात कागद सरकवला आणि त्याचा आ वासला गेला. “न दिसणारं ‘देऊन टाका’!”

“लोकांनी ‘राहू द्या’ वाचून टिचकी मारली, आणि ती पडली खिडकीतल्या ‘देऊन टाका’वर. खिडकीतलं पान पुढे गेलं, तसं बाहेरच्या पानाने ‘आभारी आहोत’ दाखवलं; म्हणून मागच्या बाणाने आधी आतलंच पान मागे आणलं. कॅशियरबाईची बटणं फुगली, पण खिडकी मोजून तेवढीच सरकवलेली; म्हणून जोड निसटला, वरच्या अर्ध्यावर खिडकीतलं ‘राहू द्या’ आलं, आणि ते टिचकी लागू नये म्हणून झाकलेलं असल्याने बटण अर्धं मेलं. तू मात्र टिचकी मारलीच नाहीस. टॅबने चालत खिडकीच्या आत गेलास आणि तिथलं पहिलं बटण दाबलंस. खरं ‘राहू द्या’.”

“म्हणजे त्या चारांत...”

“एक तुझं आहे. एक माझं, मी मूळ पानाच्या पत्त्यावर थेट गेले होते. उरलेली दोघं हे पान चढवण्याआधी आली असतील.”

वायरमनने तोंड फिरवले आणि कोपऱ्यातले वायरचे वेटोळे विनाकारण दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवले. “शिव्या मला,” तो म्हणाला, “आणि मतही माझंच खरं. वा रे न्याय!”

“थांब. अजून एक ओळ राहिलीय.”

मत नोंदल्यावर ‘आभारी आहोत’च्या खाली एक साधे बटण येत होते, ‘मुखपृष्ठाकडे’. त्यावरच्या टिचकीची ओळ गुण्याबाईंनी वाचली. पुन्हा वाचली. फलनाचे, म्हणजे फंक्शनचे, नाव ‘टिचकी’; म्हणजे माणूस आपल्याच वर्गातला. ते तर त्यांना ठाऊकच होते. पण ओळीच्या शेवटी कंसात आणखी एक अट जोडलेली होती. बटणाने एक टिचकी घ्यावी आणि त्यानंतर बहिरे व्हावे. एकदाच.

या अटीची इथे कुणालाच गरज नव्हती. मुखपृष्ठाकडे नेणारे बटण दोनदा दाबले तरी माणूस मुखपृष्ठावरच जातो. घाईने लिहिणारा चोर अनावश्यक अट घालत नाही. ती घालतो तो, ज्याच्या बोटांना तिच्याशिवाय बटण पुरे झाल्यासारखे वाटत नाही.

गुण्याबाईंनी ही अट वर्गात कधीच शिकवली नव्हती. ती त्यांनी शिकवली होती एकाच विद्यार्थ्याला, वर्ग सुटल्यावर, दार लोटून घेऊन. त्याला चारचौघांत ओशाळे वाटू नये म्हणून.

“कोण आहे, बाई?” वायरमनने विचारले.

त्या उठल्या. परक्याने घर फोडले तर कुलूप बदलता येते. घरच्याने फोडले तर काय बदलायचे, हे त्यांना कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडले नव्हते.

“उद्या सांगते,” त्या म्हणाल्या. “आज मला चुकायचं आहे.”

६

त्या चुकल्या नव्हत्या.

सोमवारी दुपारी शेडमध्ये भावजी एकटेच होते. डब्यांत खिळे निवडून ठेवत होते, डाव्या हाताने. त्यांच्या डोक्यावर खुंटीला वेल्डिंगचा मुखवटा लटकत होता आणि त्याच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ होती. चष्म्याचा नंबर बदललाय म्हणून सध्या काम बंद, असे ते थंडीपासून सांगत होते.

गुण्याबाईंनी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. पडद्यावर एक बटण आणि त्याखाली शून्य.

“भावजी, एक टिचकी मारा.”

“आता हे काय नवीन, वहिनी?”

“मारा तर खरी. उजव्या हाताने.”

ते थोडे हसले. मग त्यांनी खिशातून उजवा हात काढला, माऊसवर ठेवला आणि बोट दाबले. शून्याच्या जागी दोन आले.

“मी एकच मारली.”

“हो. तुम्ही एकच मारलीत.”

“बटण बिघडलंय.”

“बटण गुण्यात आहे, भावजी.”

पत्र्यावर कावळ्याची नखे वाजली. भावजींनी हात उचलला, पुन्हा खिशात घातला नाही, मांडीवर ठेवला. तो मांडीवर थरथरत राहिला आणि दोघेही त्याच्याकडे पाहत राहिले.

“एकदाच,” ते शेवटी म्हणाले. “ती ओळ ना?”

“ती ओळ.”

“न घालता पान पुरं झालंय असं वाटतच नाही मला. सवय.”

“सवय मीच लावली.” गुण्याबाईंचा आवाज सपाट होता. “तुम्ही मागे थांबून उजळणी करायचात. खिडकी कशी सरकवायची, ती दिसेनाशी कशी करायची, एकेक विचारायचात. मी शेजारपाजारी सांगत होते, आमचे भावजी बघा, साठीनंतर शिकताहेत! यांच्या फोटोसमोर उभी राहून सांगितलं मी.”

“दादाचं नाव काढू नका, वहिनी.”

“का काढू नको? खांब दोघांनी रोवलेत.”

“म्हणूनच!” त्यांनी मूठ आपटली, खिळे सांडले. “मुखवट्याआड हात लपतो, वहिनी, जोड लपत नाही. फाटकाला शेवटचा जोड मी दिला, बघा जाऊन. अळीसारखा वळवळत गेलाय. सगळ्यांनी बघितला. कुणी बोललं नाही. माझ्यामागे वायरमनने तो गुपचूप घासून सारखा केला, आणि मला सांगितलंही नाही! ते मला जास्त लागलं. मी घरी बसायचं आणि इथली खटखट कानावर घेत राहायची? माझ्यावाचून सगळं तसंच चालू? शेड गेली असती, तर सगळेच बाहेर पडलो असतो. मी एकटा नाही.”

“मला सांगायचं होतंत.”

“तुम्हाला?” ते कडवट हसले. “तुम्ही तोडगा काढला असतात. तुम्ही प्रत्येक गोष्टीवर तोडगा काढता. मला तोडगा नको होता, वहिनी. मला कुणीतरी ‘वाईट झालं हो’ एवढंच म्हणायला हवं होतं.”

हे वाक्य गुण्याबाईंना लागले. लागायला हवे तिथेच लागले. पण त्यांनी ते बाजूला ठेवले, जसे एक मोजमाप टिपून दुसरे घ्यावे लागते.

“वाईट झालं हो, भावजी,” त्या म्हणाल्या. “मनापासून म्हणते. उजवा हात थरथरतो, त्यात तुमचा काय दोष? पण काल त्या पोराकडे बोट दाखवलंत, तो डावा होता.”

भावजी सांडलेले खिळे गोळा करू लागले.

“तो जराही हलला नाही,” गुण्याबाई म्हणाल्या. “तुमचा जोड ज्याने झाकला, त्याच्याच दिशेने.”

त्यांनी लॅपटॉप मिटला. “सभा मी उद्या बोलावतेय. अध्यक्ष तुम्ही आहात. सांगायचं ते तुम्हीच सांगाल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर मी सांगेन. पण मग तुमची वहिनी म्हणून नाही.”

७

मंगळवारी भावजींनी सांगितले. उभे राहून, दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे मेजावर ठेवून. काहीही वगळले नाही. सांगून झाल्यावर अध्यक्षाची किल्ली त्यांनी मेजावर सरकवली. ती थरथरत्या बोटांखाली किणकिणत गेली आणि कडेला थांबली.

कॅशियरबाई रडत होती. वायरमन भिंतीला टेकून उभा होता.

“भाऊ,” तो म्हणाला, “पाना कसा धरायचा ते तुम्ही शिकवलंत मला. तुम्ही दोन शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं हो. चोर कशाला ठरवलंत?”

सभेतले लोक एकमेकांकडे पाहू लागले. खुर्च्या पुन्हा जवळ सरकल्या, पण आधीसारख्या नाहीत. ‘तोंडावर एक आणि बटणावर एक’ हे वाक्य ज्याच्या त्याच्या मनात दोन दिवस राहून गेले होते, आणि राहून गेलेली वस्तू आपली खूण ठेवूनच जाते.

गोदामवाल्याला निरोप गेला. फेरमतदान रविवारी, मागच्या खोलीत, एकाच संगणकावर, आडोसा लावून. नवे पान गुण्याबाईंनी वायरमनला शेजारी बसवून लिहिले. खिडकी नाही, पानात पान नाही. शिवाय एक पडताळा: प्रत्येक बटण आपल्यावर पडलेल्या टिचक्या वेगळ्या मोजेल आणि नोंदली गेलेली मते वेगळी. मत एका सभासदाचे एकच. दोन्ही आकडे जुळले तर पान गुण्यात.

“ती ‘एकदाच’ची ओळ घालायची का?” वायरमनने हळूच विचारले.

“नाही.”

“पण ते आले तर...”

“नाही म्हटलं ना.”

रविवारी एकेक जण आत गेला आणि बाहेर आला. भावजी सर्वांत शेवटी आले. फाटकातून आत येताना त्यांनी आपल्या जुन्या, घासून सारख्या केलेल्या जोडावरून हात फिरवला. गुण्याबाई दाराशीच बसल्या होत्या. सोमवारपासून त्या दिरांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आताही त्यांनी मान वर केली नाही. ते आडोशामागे गेले, थोड्या वेळाने बाहेर आले, क्षणभर घुटमळले. ‘वहिनी’ ही हाक ओठांपर्यंत येऊन परत गेल्याचे गुण्याबाईंना न पाहताही कळले. मग ते फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

निकाल वायरमनने उघडला आणि तो ओरडलाच.

“बाई, टिचक्या एक जास्त! कुणीतरी परत खिडकी पाडली!”

“खिडकी असती तर टिचकी कमी भरली असती. जास्त नाही.” गुण्याबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “कुठल्या बटणावर जास्त आहे, तेवढं वाच.”

वायरमनने पडद्याकडे पाहिले, मग दाराबाहेर फाटकाकडे. “भाऊंना आत बोलावू का?”

“आज नको,” त्या म्हणाल्या. “आकडे वाच.”

त्याने सभेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचले.

‘देऊन टाका’: मते तीन, टिचक्या तीन. ‘राहू द्या’: मते अडुसष्ट, टिचक्या एकोणसत्तर.